कोपर कुणाचं

जिंकलेला कप धुलाईखान्याच्या काचेच्या कपाटात ठेवला होता, साबणाच्या डब्यांच्या वरच्या फळीवर. येणारा-जाणारा त्याच्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "वा, खांबताई!" आणि खांबताई? ती गेले आठ दिवस मागच्या दाराने कामावर येत होती, मळक्या कपड्यांच्या ढकलगाड्या येतात त्या बोळातून. का, तर वाटेत तो कप लागू नये म्हणून. पाच फूट अकरा इंचांची बाई, पण मान खाली घालून गाड्यांच्या मधून अंग चोरत यायची. कुणी विचारलं की म्हणायची, "इकडून जवळ पडतं." जवळ कसलं डोंबलाचं! चांगला दुप्पट वळसा होता.

इस्पितळाच्या या धुलाईखान्यात तिची अकरा वर्षं गेली होती. काम घड्यांच्या टेबलावर. मोठी चादर घडी करायला दोघीजणी लागतात, एक या टोकाला, एक त्या टोकाला. खांबताईचे हात एवढे लांब की ती एकटीच दोन्ही टोकं धरायची आणि झटक्यात घडी घालायची. "मला जोडीदारीण लागतच नाही," हे तिचं ठरलेलं वाक्य. सुरुवातीला बायका कौतुकाने हसायच्या. मग नुसत्या "हो गं बाई" म्हणायला लागल्या. तिला तो फरक काही कळला नाही, कारण कळून घ्यायला आधी दुसऱ्याकडे बघावं लागतं.

इस्पितळातल्या कामगार बायकांची बास्केटबॉलची टीम निघाली तेव्हा तिला घेणं ओघानेच आलं. शिकवायला क्ष-किरण विभागातले तंत्रज्ञ होते, त्यांना सगळे 'फोटोवाले सर' म्हणत. सरांनी तिला बोर्डाखाली उभं केलं, वरून बॉल कसा टाकायचा ते दोनदा दाखवलं, आणि तिसऱ्यांदा ती सरांच्या डोक्यावरून बॉल टाकून मोकळी झाली. झालं! त्या दिवसापासून बाई हवेत. टीमचे चाळीस गुण झाले तर पंचवीस हिचे. सामना संपला की हिचं तोंड सुरू: "पास जरा लवकर दिला असता तर अजून चार झाले असते." हे ऐकून बाकीच्या बायका मुकाट्याने बूट सोडत बसायच्या.

कप्तान मात्र ती नव्हती. कप्तान होती इस्त्रीताई.

इस्त्रीताई चव्वेचाळीस वर्षांची, बसकी, दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधून खेळणारी. धुलाईखान्यातलं चादरींना इस्त्री करणारं मोठं रोलरचं यंत्र तिच्या ताब्यात, म्हणून हे नाव. पूर्ण हंगामात तिचे गुण किती, तर सहा. खांबताईला हे कोडंच वाटायचं. ती उघड थट्टा करायची, "कप्तानीणबाई, बॉल ताटात घालून आणून देऊ का?" इस्त्रीताई हसायची, "दे की, पण गरम नको." मग ती कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाची कामाची पाळी उद्या पहाटेची आहे, हे विचारत फिरायची आणि गरज पडली तर स्वतः उभी राहून तिची पाळी भरायची. सामन्यानंतर ती सगळ्यांत आधी स्वतःच्या चुका सांगायची. एवढ्या सांगायची की फोटोवाले सर वैतागून म्हणायचे, "बाई, बास करा, दुसऱ्यांना काही ठेवा."

आणि तिने टीमला एक सवय लावली होती. शिट्टी वाजली, फाउल झाला, की ज्या बाईकडून झाला तिने आपणहून हात वर करायचा. रेफरीने शोधायचं नाही, आपण लपायचं नाही. खांबताईला हे बावळटपणाचं वाटे, पण इस्त्रीताईसमोर तसं म्हणायची तिची छाती होत नसे.

अंतिम सामना बस-आगाराच्या बायकांशी होता. इस्त्रीताईचा हा शेवटचा, गुडघे आता नाहीच म्हणत होते. तिचा नवरा गवंडी. कधी नव्हे तो काम सोडून, धुतलेला सदरा घालून बायकोचा खेळ बघायला पहिल्या रांगेत येऊन बसला होता.

शेवटची दोन मिनिटं. इस्पितळ दोन गुणांनी मागे. या खेळात एका खेळाडूचे पाच फाउल झाले की तिने बाहेर जायचं आणि उरलेला सामना बाकावर बसून बघायचा. खांबताईचे चार झाले होते. इस्त्रीताईचेही चार. बोर्डाखाली बॉलसाठी एकच झुंबड उडाली, सहा-सात जणी एकमेकींत घुसल्या, आणि खांबताईने बॉल खेचताना कोपर मागे मारलं. चुकून लागलं असं नाही, वाट करायची म्हणून मारलं. हाडावर हाड आपटलेलं तिला दंडापर्यंत जाणवलं. आगाराची एक लहानखुरी मुलगी तोंड धरून खाली बसली. ओठ फाटला होता, हातावर रक्त.

शिट्टी वाजली. रेफरी एकच, तोही वयस्कर, आणि होता पलीकडच्या बाजूला. त्याला कोपर दिसलं, पण ते कुणाचं, हे दिसलं नाही. "कोण?" तो म्हणाला.

खांबताईचा हात वर गेला नाही. मनात एकच आलं, मी गेले तर सामना गेला. मूग गिळून ती उभी राहिली. एवढ्यावर तरी थांबावं! तिने मान वळवली आणि सरळ इस्त्रीताईकडे बघितलं.

इस्त्रीताईने क्षणभर स्वतःच्या हाताकडे बघितलं. मग हात वर केला.

लोक खवळले. "म्हातारे, घरी बस!" असं कुणीतरी ओरडलं. इस्त्रीताई खाली पडलेल्या मुलीजवळ वाकून काहीतरी बोलली, आणि टॉवेल डोक्यावर घेऊन बाकावर जाऊन बसली. पहिल्या रांगेतला गवंडी इकडेतिकडे बघायला लागला, जणू ही बाई आपली कुणी नव्हेच. खांबताईने पुढच्या दोन मिनिटांत पाच गुण केले. इस्पितळ एका गुणाने जिंकलं. तिला खांद्यावर घेतलं, आणि वरून तिला तो बाक नीट दिसला.

दोन दिवसांनी स्पर्धेच्या मंडळाचं पत्र आलं, ते कचेरीबाहेरच्या फळ्यावर लागलं. धोकादायक खेळाबद्दल इस्त्रीताईला ताकीद. त्याच फळ्यावर, त्याच टाचणीखाली, दुसरा कागद: नव्या कप्तानाची निवड शुक्रवारी दुपारी कॅन्टीनमध्ये. निवड कसली, नाव सगळ्यांना ठाऊक होतं. फोटोवाले सर भेटेल त्याला सांगत होते, "ऐन वेळी टीम कुणी खांद्यावर घेतली? पुढारी असा असतो." खांबताईला ते ऐकून मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पण माणूस मोठा चलाख, स्वतःला समजावायला त्याला वकील लागत नाही. आठ दिवसांत खांबताईने एक गोष्ट रचली. इस्त्रीताईने सगळं पाहिलं होतं. टीमसाठी, माझ्यासाठी तिने जाणूनबुजून ते अंगावर घेतलं. शेवटचाच सामना होता तिचा, तिचं असं काय मोठं गेलं? ही गोष्ट मनात घोळवली की जरा घास गिळायचा. शुक्रवारी सकाळी ती गुडघ्याचे नवे पट्टे घेऊन रोलरच्या खोलीत गेली. आभार मानायचे, एवढं केलं की आपण सुटलो, असा सगळा हिशेब.

खोलीत वाफ दाटली होती. इस्त्रीताई यंत्रात चादर सरकवत होती.

"हे तुझ्यासाठी," खांबताईने पुडकं पुढे केलं. "त्या दिवशी तू माझ्यासाठी जे केलंस ना, ताई, ते मी जन्मात विसरणार नाही."

"काय केलं मी?"

"असं काय करतेस. तो फाउल."

इस्त्रीताईचा चेहरा उतरला. "त्याची आठवण नको काढूस गं. आठ दिवस डोळ्याला डोळा नाही. एवढ्याशा पोरीचं तोंड फोडलं मी, आणि मला कळलंसुद्धा नाही. रविवारी तिच्या घरी जाऊन आले. तिच्या आईसमोर हात जोडले. ती बोलली नाही माझ्याशी, आणि का बोलेल?" तिने कपाळावरचा घाम पुसला. "आमचे हे तर अजून नीट बोलत नाहीत. म्हणाले, एवढी वर्षं सांगत होतीस, आमचा खेळ सभ्य असतो."

खांबताईने हातातलं पुडकं टेबलावर ठेवलं. "म्हणजे... तुला वाटतंय, तू मारलंस?"

"मग कुणी? त्या गर्दीत माझेही हात होतेच की. शिट्टी वाजली, तुमच्यापैकी एकीचाही हात वर आला नाही. म्हणजे माझंच असणार."

केवढा हा विश्वास! खांबताईला वाटलं, या बाईने आपल्याला थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. गप्प राहायला अजूनही जागा होती. जगात कुणाला कळणार नव्हतं. पट्टे तिथेच राहू द्यायचे आणि निघून जायचं. तिचे पाय दाराकडे वळलेही, आणि तिला स्वतःची शिसारी आली.

"माझं कोपर होतं, ताई," ती म्हणाली.

यंत्राच्या आवाजात इस्त्रीताईला ऐकू गेलं नाही. तिला पुन्हा, मोठ्याने सांगावं लागलं. त्या दुसऱ्यांदा सांगण्याइतकं जड तिने आयुष्यात काही उचललं नव्हतं.

इस्त्रीताईने यंत्र बंद केलं. "तुला तेव्हाच कळलं होतं?"

"हो."

"आणि तू माझ्याकडे बघितलंस."

"हो."

"मला वाटलं," इस्त्रीताई सावकाश म्हणाली, "तू मला आठवण करून देतेयस. की ताई, तुझं आहे, हात कर."

खांबताईला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ती रडायला लागली. इस्त्रीताईने तिला जवळ घेतलं नाही. पट्ट्यांचं पुडकं टेबलाच्या कडेला सरकवलं आणि म्हणाली, "दुपारी कॅन्टीनमध्ये सांग. सगळ्यांसमोर."

दुपारी कॅन्टीनमध्ये दोन टेबलं जोडली होती. चहा आला. फोटोवाले सर उभे राहून "आपल्या टीमला एक पुढारी लाभली," इथपर्यंत आले आणि खांबताई मध्येच उठली. एवढी उंच बाई, पण आवाज निघाला बारीक. तिने सगळं सांगितलं. कोपर, रेफरीचं "कोण?", मान वळवून बघणं, काही सोडलं नाही. "कप्तानी मला नको," ती म्हणाली. "माझी लायकी नाही. ताईचं नाव त्या फळ्यावरून काढा."

तिला वाटलं, आता बायका तुटून पडतील. पडाव्यात. ती वाट बघत होती.

पण कुणाच्या चेहऱ्यावर आश्चर्यच नव्हतं. स्वयंपाकघरातली एक ठेंगणी बाई टीममध्ये होती, तिला सगळ्या चिंगी म्हणत. तिने पदर तोंडाला लावला. "मी अगदी शेजारी होते," ती म्हणाली. "मला दिसलं होतं."

"मग बोलली का नाहीस?" सर ओरडले.

"खांबताई बोलली नाही, म्हणून. ती आमच्यात सगळ्यांत भारी. म्हटलं, ती गप्प आहे तर गप्पच राहायचं असेल."

इस्त्रीताईने चहाचा कप खाली ठेवला. "आणखी कुणाला दिसलं होतं?"

कुणी वर बघेना. वॉर्डातली आया टेबलावरची साखर बोटाने गोळा करत बसली. धुलाईखान्यातली दुसरी बाई खिडकीकडे बघत राहिली. म्हणजे सगळ्यांना. त्या वेळी मैदानावर असलेल्या या तिघींनाही, एका इस्त्रीताईला सोडून.

इतकी वर्षं खांबताईला वाटत आलं होतं की या बायका आपल्याला मानत नाहीत, म्हणून कप्तानी देत नाहीत. अहो, मानत होत्या की! त्या दिवशी तिने न बोलता जो रस्ता दाखवला, त्यावरून तिघी तिच्या मागून गुपचूप चालत गेल्या होत्या. आपली एकटीची लाज घेऊन ती इथे आली होती. आता तिघींची मान तिच्यामुळे खाली होती, आणि ते तिला बघवेना.

"मी ही टीमच सोडते," ती कशीबशी म्हणाली आणि पिशवी उचलली.

"बस खाली," इस्त्रीताई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण खांबताई बसली. "सोडून जाणं सोपं आहे. कप्तानी तूच घ्यायची. सर, लिहा हिचं नाव."

"ताई, नको गं."

"उद्या सकाळी सगळ्याजणींनी आगारात जायचं, त्या पोरीकडे. तिथून माझ्या घरी, आमच्या ह्यांच्याकडे. बोलायचं कप्तानाने." इस्त्रीताईने गुडघ्यावर हात टेकून स्वतःला उठवलं. "आणि चालायचंही तिनेच पुढे. मी यावेळी मागे राहणार आहे."