गुडघाभर पाणी

माझी मुलगी बुडता बुडता वाचली होती. दोन वर्षं मी हे नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

आज सकाळी सांगितलं. आता तुम्हाला सांगते. ज्यांनी तिला वाचवलं त्या दत्तामामांना जाऊन आज एक वर्ष झालं.

दत्तामामा साताऱ्याकडचे, डोंगरातले. इथे आखातात, सलमाबादला, एसीच्या वर्कशॉपमध्ये ड्रायव्हर. आमचा एसी बिघडला तेव्हा मेकॅनिकला घेऊन आमच्या झिंजच्या फ्लॅटवर आले आणि माझ्या मुलीशी, ओवीशी खेळत बसले. मेकॅनिकचं काम संपलं तरी यांचं संपेना.

मग जवळजवळ दर शुक्रवारी आमच्याकडे. नवऱ्याची शुक्रवारी शिफ्ट, मला लायसन्स नाही. आमची गाडी मामा चालवायचे आणि आम्ही तिघं भटकायचो. पाऊस पडून गेला की वाळवंटातलं इवलं इवलं गवत बघायला. नाहीतर खाडीवर फ्लेमिंगो बघायला.

"ओवी, ते बघ गुलाबी बगळं."

"मामा, दे आर फ्लेमिंगोज."

"असतील की. पण बगळंच हायत."

समुद्रावर गेलो की मात्र मामा गाडीला टेकून उभे. वाळूच्या पुढे पाऊल नाही. मी चिडवायची, "मामा, पायाला मेंदी लावलीय का?" ते नुसते हसायचे.

मी गुहागरकडची. समुद्र मला कुणी शिकवायचा नाही, असा माझा तोरा. आमच्याकडे भरती तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पौर्णिमेला दुपारी बाराच्या आत-बाहेर भरती, मग साडेपाचपर्यंत ओहोटी. आजोबांनी शिकवलेलं. गावी कधी चुकलं नाही.

त्या शुक्रवारी पौर्णिमा होती. भिंतीवरचं मराठी कॅलेंडर बघूनच निघाले.

अस्कर गावाच्या पुढचा उथळ किनारा. पाणी लांब गेलेलं. खेकडे शोधत ओवी आणि मी आत चालत गेलो. किती आत, ते मागे वळून पाहिलंच नाही.

तीनच्या सुमारास मामांची हाक आली. "ताई, पाणी वाढतंय बघा."

"मामा, साडेपाचपर्यंत ओहोटी आहे. मी कोकणातली आहे."

हसत ओरडले होते मी हे.

थोड्या वेळाने पुन्हा. "ताई, मला त्यातलं कळत न्हाई. पण मगाशी दिसत हुता त्यो धोंडा आता दिसंना झालाय."

मी वळून पाहिलं.

आमच्या आणि किनाऱ्याच्या मधे पाणी होतं.

लाट नाही, आवाज नाही. मागच्या खोलगट भागातून ते गुपचूप भरत आलं होतं. आजोबांचा हिशोब गुहागरच्या समुद्राचा होता. इथली भरती त्या वेळेला येत नाही, एवढी साधी गोष्ट मी कधी फोनवरसुद्धा बघितली नव्हती.

"आई, वॉटर इज इन माय शूज."

तिला उचललं आणि निघाले.

गुडघे. मांड्या. कंबर.

मग एक पाय चिखलात रुतला, तो निघेना.

मला पोहता येतं. पण चार वर्षांची पोर गळ्याला घट्ट बिलगलेली आणि पाय अडकलेला, तेव्हा पोहणं काय नि काय. मी एवढंच ठरवलं की हिला डोक्यावर धरून ठेवायचं. जमेल तितका वेळ.

तेवढ्यात मामा दिसले. पँट, चपला, खिशातला मोबाईल, सगळ्यासकट पाण्यात. दोन्ही हात पसरून, एकेक पाऊल चाचपत, तोंडाने काहीतरी पुटपुटत. मामा माझ्याहून बुटके. पाणी त्यांच्या छातीला लागलं होतं.

"पोरगी हिकडं द्या."

ओवीला खांद्यावर घेतलं. "आता माझा शर्ट धरा आन् पाय वढा. चप्पल ऱ्हाऊ द्या तिथंच."

किनाऱ्यावर आल्यावर मामा मटकन वाळूत बसले. दात वाजत होते. मला वाटलं, थंडीने.

मी हात जोडले. "मामा, घरी सांगू नका."

"काय सांगायचं त्यात? गुडघाभर तर पाणी हुतं."

पुढे एकदा ओवी बाबांना म्हणाली, "मामा कॅरीड मी इन द सी." मामा चहा पीत शांतपणे म्हणाले, "गुडघाभर पाण्यात खेळत हुतो, सायेब."

आणि मग गेल्या वर्षी ते सलमाबादच्या खोलीत सकाळी उठलेच नाहीत. हार्ट.

त्यांचा देह गावी पाठवल्यावर मी त्यांच्या बायकोला फोन केला. राहवलं नाही, तिला सगळं सांगितलं.

तिने विचारलं,

"पाण्यात? ह्ये?"

मग म्हणाली, "ताई, त्यास्नी पवायला येत नव्हतं. ल्हानपणी थोरला भाऊ डोळ्यांदेखत हिरीत गेला. तवापासनं हिरीच्या कडंला बी उभं ऱ्हात नव्हते."

आणि मी त्यांना मेंदी लावलीय का म्हणून विचारत होते.

आज ओवीच्या शाळेच्या बीच पिकनिकचा फॉर्म भरायचा होता. सही न करताच मी पेन खाली ठेवलं. नवऱ्याने विचारलं, काय झालं? तेव्हा सांगितलं. तो उठून ओवीच्या खोलीत गेला आणि तिच्याजवळ बसून राहिला.

फॉर्म अजून टेबलावर तसाच आहे. मला भीती वाटते. टीचर असतील, लाइफगार्ड असेल, सगळं खरं. पण गाडीला टेकून, पाण्यावरची नजर न हलवता, तिथे कोण उभं असणार आहे?

मामा, पाणी गुडघाभर नव्हतं. तुमच्या छातीपर्यंत होतं. मी पाहिलंय.

तुमच्या ओवीचा आणि माझा तुम्हाला नमस्कार.