मामंजींची बॅट आणि माझे कुळीथ

एकोणीस वर्षांची असताना मला सगळं कळत होतं. क्रिकेट म्हणजे शहाण्यासुरत्या पुरुषांनी भर उन्हात चेंडूमागे धावून कपडे मळवायचे आणि ते बायकांनी धुवायचे, याबद्दल माझ्या मनात काडीची शंका नव्हती.

एकोणीसशे पंचावन्न-छप्पनचा सुमार. लग्न होऊन जामसंड्याला आल्याला वर्ष झालं होतं. सासरे निवृत्त मास्तर. कॉलेजात घेतलेली बॅट त्यांनी पंच्यात गुंडाळून माजघरात खुंटीला टांगली होती. गुडघे गेल्यापासून खेळ बंद, पण दर रविवारी तिला अळशीचं तेल चोळत. आम्हा बायकांच्या गुडघ्यांना कोणी तेल चोळलेलं माझ्या पाहण्यात नव्हतं.

माघात ते दोन दिवस लेकीकडे कणकवलीला गेले. खळ्यात वाळलेले कुळीथ झोडायचे होते आणि दांडका मोडलेला. बॅट कशी रुंद, सपाट, हाताला बेताची! मी काढलीच. सासूबाई म्हणाल्या, "माका काय इचारू नको गो. मियां काय बघूकच नाय."

कुळीथ भराभर फुटले. चला, या लाकडाला कोणीतरी एकदाचं कामाला लावलं, असं म्हणून मी स्वतःवरच खूश. दुपारी मुठीवरचा दोरा सुटून खळ्यात लोळायला लागला, तेव्हा माझा तोरा उतरला. मामंजी उद्या यायचे होते. पुस्तकांच्या कपाटाची किल्ली त्यांनी घरात फक्त मला दिली होती. आता ती जाणार.

माझे वडील आरोंद्याचे शेतकरी, पण खाडीत पागाचं जाळंही टाकायचे. जाळ्याचं सूत घट्ट गुंडाळायला मी त्यांच्याकडे शिकले होते. ऐनाच्या झाडाच्या सालीत उकळलेलं तांबूस सूत माझ्या ट्रंकेत होतं. ते घेऊन बसले, उरलेला जुना दोरा काढला आणि हात थांबला.

मुठीत वेताच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवलेल्या, खाली निमुळत्या होत फळीत पाचरीसारख्या शिरलेल्या. खिळा नाही, स्क्रू नाही. नख फिरवलं तरी जोड लागेना. फळीवर वरपासून खालपर्यंत सरळ, बारीक रेघा. मधोमध तेल पिऊन मधासारखा रंग आलेला, त्यात चेंडूंचे तांबडे वण. आणि शेजारी माझ्या कुळथाचे ओरखडे! इतकी देखणी वस्तू वर्षभर डोक्यावर टांगलेली होती आणि मी बावळट तिच्याखाली बसून तांदूळ निवडत होते.

मामंजी आले, पाणी प्याले, आणि थेट बॅटीकडे. अंगठा सुतावर थांबला.

"ह्यो बांध कोणी घातलो?"

"मियां."

"आणि आदलो दोरो?"

"कुळथात गेलो."

त्यांनी फळीवरचे ओरखडे बघितले.

"कुळीथ किती गावले?"

"दोन पायली."

आत सासूबाईंना ठसका लागला. मी पदराच्या गाठीतली किल्ली सोडवायला लागले.

"ती ऱ्हवांदे. ह्यो दोरो सोडव. खालचे येढे सैल आसत, चेंडू लागलो की मूठ फिरतली."

मग ते दुखऱ्या गुडघ्यांत बॅट धरून बसले, मी भिंतीला पाय लावून सूत ताणायला. "ओढ गो, आणखी ओढ!" जोडापाशी आल्यावर मीच थांबले. म्हटलं, झाकायच्या आधी हा जोड एकदा उजेडात धरा.

ते उठले, लंगडत दारापर्यंत गेले आणि बॅट उन्हात धरली.