पॅसेजभर लांबीचा किरण

नेरूळच्या ज्युनिअर कॉलेजात मी सव्वीस वर्षं शिकवलं की प्रकाश सरळ रेषेत जातो. तो खरंच जातो का, हे बघायला निवृत्त व्हावं लागलं.

लाल, हिरवा आणि निळा असे तीन छोटे लेझर मी जेवणाच्या टेबलावर एका फळीवर बसवले. मधे खास काचा होत्या, एक रंग आरपार सोडणाऱ्या आणि दुसरा वळवणाऱ्या. तिन्ही किरण एकमेकांवर नीट बसले की पांढरा ठिपका मिळणार होता. नवरा आठवडाभर ओट्याशी उभा राहून जेवला. हे कशासाठी, असं त्याने एकदाच विचारलं. पांढऱ्या प्रकाशासाठी, म्हटल्यावर त्याने छताच्या ट्यूबलाइटकडे पाहिलं आणि विषय सोडला.

चौथ्या दिवशी जवळच्या भिंतीवर ठिपका पांढरा झाला. बेडरूमच्या भिंतीवर टाकला तर पुन्हा तीन रंग, तीन ठिकाणी. जवळ जुळलेले किरण लांब गेल्यावर फाकतात, हे मी फळ्यावर कितीदा काढलं होतं. आता ते लांबूनच जुळवायला हवे होते, आणि तेवढी लांबी फक्त बाहेरच्या पॅसेजमध्ये होती.

पॅसेजच्या टोकाला एक काकी राहतात, इथल्याच गावच्या. त्यांच्या पॅसेजमधल्या चपलांच्या रॅकविरुद्ध मी सोसायटीकडे लेखी तक्रार केली होती. तेव्हापासून दीड वर्ष आमचं बोलणं बंद होतं.

मी त्यांची बेल वाजवली आणि सगळं सांगितलं. डोळ्यांना काही होणार नाही ना, एवढंच त्यांनी विचारलं. ताकद अगदी कमी ठेवलीय, किरणाकडे बघायचं नाही, फक्त कागदावर बघायचं, असं सांगून मी त्यांना तिन्ही रंग मंद करणारा संरक्षक चष्मा दिला. कागद उभा करायला काहीतरी हवं होतं, आणि त्यांचा रॅक अजून दाराशीच होता.

"रॅक राहू दे तिथेच," मी म्हणाले.

त्यांनी चपला बाजूला करून कागद रॅकला टेकवला.

मग दुपारभर मी दाराच्या आत स्क्रू फिरवत होते आणि त्या बाहेरून लाल कुठे, निळा कुठे ते सांगत होत्या. त्यांची नजर माझ्यापेक्षा तिखट निघाली. मला पांढरं दिसत होतं तिथे त्यांना कडेला हिरवट दिसायचं, आणि ते असायचंही. चहाची वेळ टळून गेल्यावर त्यांनी हाक मारली.

"बाई, आता येकच हाय."

मी जाऊन पाहिलं. ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका. माझे डोळे भरून आले, ते चष्म्याआड राहिलं. काकींनी तो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, आता ह्याचं पुढे काय करायचं? आता तो असाच राहील, मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या उकाड्याने लाल घसरला. मी बेल वाजवली. काकी खुर्ची घेऊनच बाहेर आल्या.