पहिल्या पानावरची मराठी

कुंभकोणमच्या कडेला दारासुरम्. तिथं एकोजीला सगळे ‘पेपर-राव’ म्हणत. विणकरांच्या आळीत घरोघर तमिळ पेपर टाकण्यात त्याची हयात गेली. भारी बोलका गडी! लोकांशी तमिळ, पण घरून बायकोचा फोन आला की भर रस्त्यात तंजावरी मराठी सुरू. लोक ऐकून हसायचे, तोही हसायचा.

त्या सकाळी गठ्ठा सोडला आणि तो तिथंच खाली बसला. आळीतली रेशीमचोरी पहिल्या पानावर, वर ठळक मथळा : ‘मराठी बोलणाऱ्या टोळीचा संशय’. आता मला सांगा, चोर अजून सापडलेला नाही, मग त्याची बोली ह्यांना कुणी सांगितली? पण छापणाऱ्याला कोण विचारतो!

पेपर टाकावा तर आपल्याच हातानं तोंडाला काळं, न टाकावा तर एजन्सी जायची. टाकला बिचाऱ्यानं. शिवकामी, जिच्या घरचं रेशीम गेलं ती, रोज “या अण्णा” म्हणायची. आज तिनं मथळा वाचला आणि ओट्यावर वाळत टाकलेल्या लडी गुपचूप आत नेल्या.

तेवढ्यात फोन वाजला. बायको, भवानी. “कोठें आहांत? कॉफी निवली.”

एकोजीनं इकडंतिकडं बघितलं आणि तमिळमध्ये म्हणाला, “येतो.”

“अगबाई, कोण गेलें?” भवानी घाबरलीच. लग्न झाल्यापासून नवरा तिच्याशी तमिळ बोलला नव्हता.

घरी येऊन त्यानं पेपर तिच्यापुढं टाकला. “आपल्याच बोलीची लाज वाटली गे मला,” म्हणाला. भवानीनं बातमी दोनदा वाचली.

चार दिवसांनी चोर सापडले. गावातलेच, तमिळ बोलणारे. बातमी आतल्या पानावर, कोपऱ्यात : ‘दोघांना अटक’. त्यांची बोली? छे, ती कशाला छापतील! एकोजीनं दारोदार ते पान उघडून दाखवलं. शिवकामी ओशाळली, म्हणाली, “अण्णा, कॉफी घेऊन जा.” त्याचा जीव भांड्यात पडला. तिच्याच ओट्यावरून त्यानं फोन लावला आणि खणखणीत मराठीत ओरडला, “भवानी, चोर सांपडले! आपले नव्हेत!”

पलीकडून टाउन बसचा हॉर्न ऐकू आला. मग भवानी दबक्या आवाजात, तमिळमध्ये म्हणाली, “बसमध्ये माणसं आहेत. हळू बोला.”