गुलाबाखालचा सेनापती

“सेनापती सापडला!” मी अशी आरोळी ठोकली, की अर्धं वेस्ट विंडसर खिडक्यांत आलं. स्वयंपाकघरामागच्या गुलाबापाशी मेटल डिटेक्टर कोकलत होता आणि माझ्या तळहातावर ओल्या मातीचा वास येणारा, हिरवा पडलेला, बोटभर उंचीचा तांब्याचा माणूस होता. हा इंग्रजांशी लढलेल्या अमेरिकन फौजेतलाच, असं ठरवून मी म्युझियमला फोन लावणार, तोच पुण्याहून आलेली आई लाटण्यासकट धावत आली. तो आमचा वास्तुपुरुष होता. वास्तुशांतीच्या दिवशी मी ऑफिसच्या कॉलवर असताना, घर सुखरूप राहावं म्हणून तिनेच तिथे पालथा पुरलेला. “आता घर कोसळणार का गं?” मी घाबरून विचारलं. त्या गुलाबाला पाणी घालताना आजही तो वास येतो आणि तिचं उत्तर ऐकू येतं: “परत पालथा ठेव त्याला, आणि हात धुऊन जेवायला ये.”