मत्रहचा शुक्रवार

मत्रहच्या फुटबॉल संघावर अन्याय झाला. गेल्या ईदनंतरच्या दुसऱ्या गुरुवारी, संध्याकाळी सात वाजता, मस्कतमध्ये, रुवीतल्या एका हॉटेलच्या मागच्या खोलीत. अन्याय करणारी माणसं सभ्य होती आणि चहा चांगला होता. दोन्ही गोष्टी नोंदवून ठेवते, म्हणजे माझ्यावर एकतर्फीपणाचा आरोप नको.

मी तिथे दार्सैतच्या संघाची प्रतिनिधी म्हणून बसले होते. मी खेळत नाही. पण आमच्या पोरांना बैठकीचा कंटाळा, आणि मला पुण्यात कॉलेजात असताना पत्रकं लिहायची, वाटायची सवय लागलेली. "ताई, तू भांडू शकतेस, तूच जा," असं म्हणून त्यांनी मला पाठवलं.

आमची लीग म्हणजे मस्कतमधले आठ संघ. बहुतेक खेळाडू आपल्याकडचे, रत्नागिरी, रायगड, सातारा. चार-चार संघांचे दोन गट होते आणि ते कोणी डोकं लावून पाडलेले नव्हते. दार्सैत, मत्रह, रुवी आणि वादी कबीर हे शेजारी, म्हणून एका गटात. सामने शुक्रवारी सकाळी, वादी कबीरच्या गॅरेजांमागच्या मातीच्या मैदानावर. शुक्रवार सकाळच का? कारण मत्रहचा अख्खा संघ बाजारातल्या दुकानांवर कामाला. सकाळी दुकान, दुपारी बंद, चारला पुन्हा उघडायचं ते रात्री दहापर्यंत. शुक्रवारी सकाळी तेवढी दुकानं बंद असतात. आठवड्यात त्यांच्या मालकीची वेळ तेवढीच.

दार्सैत–मत्रह सामन्याला एक रीत होती. दोन्हीकडून डबे यायचे. आमच्याकडून मिसळ, त्यांच्याकडून सांदणं आणि नारळाचं दूध. हरलेल्यांनी वाढायचं आणि स्वतः शेवटी खायचं. जिंकलेल्यांना खोड काढायचा पूर्ण हक्क.

"मिसळीत मीठ कमी आहे रे दार्सैतवाले."

"तुमच्या सांदणात गूळ जास्त आहे, आम्ही काही बोललो का?"

"तुम्ही कशाला बोलाल? हरलायत तुम्ही. वाढा."

मग मत्रहवाले जुम्म्याच्या नमाजासाठी आंघोळीला पळायचे आणि आम्ही भांडी घासायचो.

आता त्या गुरुवारकडे येते. लीगचे सचिव इंजिनिअर आहेत, घुब्र्याला राहतात. त्यांचा मुलगा अमेरिकेत कॉलेजला. तिथे कॉलेजांच्या फुटबॉल संघांची टीव्हीसाठी नव्याने गटवारी होते, पिढ्यान्‌पिढ्या शेजाऱ्याशी खेळणारं कॉलेज उठून हजारो मैलांवरच्या गटात जातं, असं त्यांनी आम्हाला मोठ्या कौतुकानं सांगितलं. (तो फुटबॉल हातात धरून पळायचा असतो, हे मला नंतर कळलं.) मुलाने सुट्टीत गंमत म्हणून आपल्या आठ संघांची तशी गटवारी करून दिली होती. सचिवांनी ती भिंतीवर दाखवली.

"हे फक्त समजा म्हणून आहे हं," ते म्हणाले. "समजा, ज्यांना प्रायोजक आहेत ते अ गटात. बाकीचे ब गटात. आणि समजा, सगळे सामने गुरुवारी रात्री, बौशरच्या टर्फवर, लाइटखाली. फोनवर लाइव्ह दाखवता येईल."

दार्सैत अ गटात होतं. मत्रह ब गटात. मी विचारलं, "मत्रहचं कोण आलंय?"

कोणी नव्हतं. सातला बाजार ऐन भरात असतो.

"ग्रुपवर मेसेज टाकला होता," सचिव म्हणाले. "त्यांची काही हरकत आली नाही."

"गुरुवारी रात्री ते कसे खेळणार?"

"ताई, करतील काहीतरी अॅडजस्ट. यल्ला, हात वर करा."

सहा हात वर गेले. माझा खाली राहिला. अर्ध्या तासापूर्वीचं 'समजा' चहाचे कप उचलायच्या आत ठराव झालं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मत्रहला गेले. त्यांचा कप्तान लोबान आणि अत्तराच्या दुकानात आहे, राजापूरकडचा, पन्नाशीला टेकलेला, अजून गोलमध्ये उभा राहतो. मी विचारलं, "भाई, हरकत का नाही घेतलीत?"

"कधी घेऊ गो? मेसेज आला तवा जहाजाचे गोरे टुरिस्ट दुकानात होते, आणि अर्बाब समोर." अर्बाब म्हणजे दुकानाचा मालक.

"मग आता घ्या."

"घेतो. पण गुरवारी रात्री दुकान टाकून खेळायला जातो बोललो, तर अर्बाब बोलेल, इन्शाल्ला, मग तिकडेच रहा."

ऊन उतरल्यावर मोसम सुरू झाला. पहिल्या गुरुवारी मत्रहचे चौघे जमले, दुसऱ्या गुरुवारी कोणीच नाही. नियमाप्रमाणे संघ बाद. नियमात चूक काढता येत नाही. नियम नेहमी नंतर येतो.

मी म्हटलं, लीगबाहेर खेळू. शुक्रवार ठरवला. मत्रहवाले उजाडताच हजर, डब्यांसकट. आमची पोरं आदल्या रात्री बौशरला खेळून झोपलेली. पाच आली, त्यातला एक लंगडत. बराच वेळ वाट पाहिली. ऊन चढलं.

"आता वाढायचं कोणी?" आमच्यातला एक म्हणाला. "हरलं कोण तेच ठरलं नाही."

कप्तानाने हातमोजे काढले, सांदणांचा डबा उघडला आणि पळी हातात घेतली.

"ठरलाय की. आमीच हरलो. बसा."

आम्ही बसलो. खोड कोणी काढली नाही.

आता पुन्हा बैठक आहे. विषय: ब गटातली रिकामी जागा. वेळ: गुरुवार, संध्याकाळी सात. हे वाचणाऱ्यांत लीगच्या बाकी संघांतले लोक असणार, आणि त्यांना मताचा हक्क आहे. त्यांना माझं सांगणं आहे. बैठक शुक्रवारी सकाळी मैदानावर घ्या, असं आजच सचिवांना कळवा. नाही ऐकलं, तर जा, बसा, चहा प्या; पण मत्रहचा माणूस त्या खोलीत येऊन बसत नाही तोवर एकाही ठरावाला हात वर करू नका.