विणकराची कुजबुज

नाटकाला यायचं विणकराने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं, आणि काय कबूल केलं हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. बायको ओट्याशी उभी होती, तोंड गॅसकडे, पाठ त्याच्याकडे. ती काहीतरी बोलली असावी, कारण तिचे खांदे क्षणभर थांबले. खांदे थांबले की "हं" म्हणायचं, असा त्याचा हल्लीचा नेम. तो "हं" म्हणाला आणि पुन्हा पेपरात डोकं घालून बसला.

शनिवारी कपाटाच्या दाराला इस्त्रीचा शर्ट लटकलेला पाहून त्याने विचारलं, "हा कशाला बाहेर काढलास?"

बायको कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. समोर आली म्हणून तर कळलं.

"अहो, नाटकाला! ताई आणि भावजींनी तिकिटं काढून ठेवलीत. तुम्हीच हो म्हणालात ना?"

आता आली का पंचाईत! नको म्हणावं तर आधी हो का म्हणालात, आणि ऐकलंच नव्हतं म्हणावं तर सगळंच उघडं पडलं. विणकराने डोकं दुखतंय म्हणून पाहिलं, पायात गोळे येतात म्हणून पाहिलं. बायकोने शर्ट काढून त्याच्या हातात दिला. शेवटी त्याने शर्टाची बटणं सोडायला घेतली आणि म्हणाला, "हो, म्हणालो होतो खरा."

विणकराला ऐकू येत नव्हतं. थोडंथोडकं नव्हे, जवळजवळ काहीच नाही. सगळी उमर गिरणीच्या मागखात्यात गेलेली. तिथे शेकडो माग एकदम धडधडतात, तेव्हा कान असले काय नि नसले काय. तिथली माणसं ओठांनीच बोलतात. आवाज काढायचाच नाही, शब्द तोंडात मोठा करून दाखवायचा. पलीकडच्या रांगेतला गडी तो वाचतो आणि तसंच उत्तर देतो. शिव्यासुद्धा अशाच देतात, आणि चांगल्या झणझणीत देतात. धोटा अडकला, सूत तुटलं, तर विणकराला ते मागाच्या चौकटीवर टेकलेल्या तळहातातून कळायचं. त्यामुळे खात्यात कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. भीती होती ती घरात.

घरात त्याने बंदोबस्त केला होता. डोळ्यांचा नंबर वाढला म्हणून स्वयंपाकघरात मोठा दिवा लावून घेतला. जेवताना तो बायकोच्या बरोब्बर समोर बसे. फोन आला की तिच्या हातात देई, "तूच बोल, मला नाही जमत गोड बोलायला." सगळ्यांना वाटे, माणूस वयाबरोबर घुमा होत चाललाय. घुमा म्हटलेलं त्याला चाललं असतं. बहिरा म्हटलेलं चाललं नसतं.

कारण त्याने आपल्या बापाचं झालेलं पाहिलं होतं. बापही त्याच खात्यातला, त्याचेही कान तिथेच गेले. डोळे शाबूत होते तोवर ओठांवर भागलं. मग मोतीबिंदू झाला आणि ओठही दिसेनात. घरातले आधी ओरडून बोलायला लागले, मग त्यांना ओरडायचा कंटाळा आला, मग सांगणंच बंद झालं. धाकट्या मुलीचं लग्न ठरलंय हे म्हाताऱ्याला पाहुणे दारात आल्यावर कळलं. पाठीमागे त्याला सगळे 'भिंत' म्हणत. "भिंतीला जेवायला वाढलं का रे?" यावर घर हसायचं, आणि विणकरही हसायचा. आता आपली पाळी आली तर बायको आधी ओरडेल, मग कंटाळेल आणि मग सांगणं सोडून देईल, या धास्तीने त्याला झोप लागत नसे.

नाट्यगृहात त्यांना मधली ओळ मिळाली. उजवीकडे बायको, तिच्यापलीकडे ताई. डावीकडे साडू. साडू वजनमापं तपासणाऱ्या कचेरीत होता आणि स्वतःचं वजन त्याने बहुधा कधीच तपासलं नव्हतं. तो हसला की खुर्च्यांची सगळी ओळ हलायची.

दिवे मालवले आणि विणकर पुढे वाकून बघायला लागला. रंगमंचावरची माणसं बोटाएवढी दिसत होती. अर्ध्या वेळा ती एकमेकांकडे तोंड करून बोलत, म्हणजे दिसणार नुसता कान. आणि जो मुख्य नट, घरातला थोरला, त्याला ही भलीमोठी झुपकेदार मिशी! विणकराचा मिशांवर जुना राग होता. खात्यातल्या एका मिशीवाल्या जॉबरचं, म्हणजे मुकादमाचं, बोलणं कधीच धड वाचता आलं नव्हतं. हाही त्याचाच भाऊ.

पण खुर्ची हलली आणि विणकराला वाट सापडली. साडू हसला की आपण हसायचं. क्षणभर मागून, पण दणकून. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा बायकोने वळून पाहिलं, तेव्हा तो इतका मनापासून हसत होता की तीही हसली. आता तग धरता येईल, असं त्याला वाटलं. तळहात खुर्चीच्या दांड्यावर मागाच्या चौकटीवर ठेवावा तसा ठेवून तो बसून राहिला.

मग रंगमंचावरचा उजेड कमी झाला. एक म्हातारी बाई ट्रंकेतून एक शर्ट काढून घडी घालत बसली. खुर्ची हलायला लागली, आधी हळू, मग जोरात. विणकर खदखदून हसला.

पुढच्या ओळीतली डोकी गर्रकन मागे वळली. कुणीतरी बोट ओठांवर ठेवलं. विणकराने साडूकडे पाहिलं, तर साडूच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. तो हुंदके देत होता. तो शर्ट त्या बाईच्या गेलेल्या मुलाचा होता, हे सगळ्यांना माहीत होतं, एकट्या विणकराला सोडून. त्याने घाईघाईने रुमाल तोंडाला लावला आणि खोकल्याचं सोंग केलं.  बायको त्याच्याकडे बघत होती, आणि तो तिच्याकडे बघायला तयार नव्हता.

मध्यंतरात बायका चहाच्या रांगेत गेल्या. बाहेरच्या दालनात जिन्यापाशी साडूने त्याला गाठलं. त्याचे डोळे अजून लाल होते.

"तुम्हाला हसू कसं आलं हो? पोर गेलंय तिचं!"

"नाटकच आहे की ते."

"अहो, पण काळीज म्हणून काही..." साडू पुढे बरंच बोलला. विणकराने ते वाचलं नाही, कारण त्याची नजर गर्दीवरून पलीकडे गेली होती. चहाच्या खिडकीपाशी बायको ताईच्या कानाशी लागून बोलत होती. मान खाली, आवाजही खाली केलेला असणार. ऐकू येणाऱ्या माणसांना वाटतं की आवाज खाली केला की गुपित राहतं. विणकराच्या बायकोने तरी असं समजायला नको होतं. पण एवढ्या गर्दीत, एवढ्या लांबून कोण वाचतंय, असं तिला वाटलं असावं. ती खिडकीच्या उजेडात उभी होती आणि हळू बोलायचं म्हणून एकेक शब्द नीट उच्चारत होती.

"काहीच ऐकू येत नाही त्यांना, ताई. मला कधीचं माहीत आहे."

 विणकराने जिन्याचा कठडा धरला.

ताईचा चेहरा पाठमोरा होता. ती काहीतरी विचारत होती.

"मी कशी विचारू गं? इतकं जपतात ते. मुद्दाम आणलं इथे. म्हटलं, इथे तरी वळून मला विचारतील, तो काय म्हणाला गं?" मधून एक टक्कल गेलं आणि काही शब्द त्यामागे बुडाले. "...त्याचं काही नाही मला. पण घरात बोलायचं कुणाशी? परवा ओट्याशी उभी होते. नाटकाचं विचारलं आणि पुढे म्हटलं, अहो, मला फार एकटं वाटतं. दोन्हींना मिळून एकच 'हं' म्हणाले."

एवढं बोलून तिने चहाचे पेले उचलले आणि नेहमीसारखा चेहरा करून ती गर्दीतून इकडे यायला निघाली.

चहा त्याने कसा घेतला हे त्याला आठवत नाही. त्याला लाज वाटत होती, अशी की अंगावरचा तो इस्त्रीचा शर्टसुद्धा टोचत होता. तिच्याशी आवाज न काढता बोलायला त्यानेच शिकवलं होतं. लग्नानंतर एकाच खोलीत आईबाप झोपलेले, तेव्हा ही दोघं दिव्याची वात बारीक करून ओठांनीच गप्पा मारायची. बाप त्याच खात्यातला, सगळं वाचेल, म्हणून तोंडं दुसऱ्या बाजूला फिरवून. तेव्हा तिचा एक शब्दही त्याच्याकडून निसटत नसे. आणि आता ती त्याच्याकडे पाठ करून एवढं मोठं बोलली, त्यावर तो "हं" म्हणून पेपर वाचत बसला होता.

पडदा उघडला. घरी गेल्यावर सांगू, असं त्याने ठरवलं. पण घरी गेल्यावर सांगू म्हटलं की आपण सांगत नाही, हे त्याला स्वतःबद्दल पक्कं ठाऊक होतं. रंगमंचावर मिशीवाला त्या म्हातारीपुढे गुडघे टेकून बसला होता. साडूची खुर्ची स्तब्ध होती. सगळं नाट्यगृह श्वास रोखून बसलेलं.  आता नाही तर कधीच नाही. तो बायकोच्या कानाशी वाकला आणि कुजबुजला.

"अगं, मला काहीच ऐकू येत नाही!"

उभा जन्म मागांच्या धडधडाटात गेलेला माणूस तो. आपली कुजबुज केवढी मोठी असते, हे त्याला कोण सांगणार? पुढची ओळ वळली, तिच्या पुढची वळली, त्याही पुढची. ताईने कपाळाला हात लावला. साडूने त्याचा गुडघा घट्ट धरला. मिशीवाला नट तोंड उघडं ठेवून अंधारात इकडेच पाहत राहिला. ते सगळे चेहरे पाहून विणकराला समजलं की जन्मभराचं गुपित एकीला सांगायला गेलो आणि गावाला सांगून बसलो. तो उठायला लागला. इथून बाहेर पडायचं, रस्त्यावर जायचं, चालत सुटायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

बायकोने शर्टाची बाही धरून त्याला खाली बसवलं. मग ती पुढे सरकली आणि रंगमंचाचा उजेड आपल्या तोंडावर येईल अशी वळली. तिचे ओठ हलले. तिने आवाज काढला नव्हता. त्या एका खोलीत बोलायची तशीच ती बोलत होती.

"माहीत आहे. केवढ्यांदा ओरडलात!"

तिचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती. पुढची डोकी एकेक करून परत वळली. मिशी पुन्हा हलायला लागली. बायको तिकडे बोट दाखवून म्हणाली, "तो म्हणतोय, आई, मी कुठे जाणार नाही."

विणकराने मान हलवली. नाटकाचं त्याला आता काही पडलं नव्हतं. त्यानेही ओठच हलवले, या वेळी घशावर हात ठेवून, आवाज निघत नाही ना याची खात्री करून.

"परवा ओट्याशी काय म्हणालीस?"

ती दचकली. तिने दालनाच्या दाराकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. चहाच्या खिडकीपाशी बोललेलं त्याने वाचलं होतं, हे तिच्या ध्यानात आलं. सांगावं की न सांगावं, असं तिच्या चेहऱ्यावर क्षणभर दिसलं, आणि ती काहीच बोलणार नाही अशी विणकराला भीती वाटली.

मग तिने सांगितलं. सावकाश, एकेक शब्द, त्याच्या डोळ्यांत बघून. "मला फार एकटं वाटतं."

विणकर या वेळी "हं" म्हणाला नाही.

"मला पण," तो म्हणाला.